पन्नास हजार फोटोंचा एक चंद्र : हे चित्र पुरावा म्हणून कसं वाचायचं?

मे 2021 मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलानं काढलेला चंद्राचा फोटो देशभर गाजला. कृष्ण पक्षातला, साधारण अष्टमीच्या आसपासचा चंद्र. विवरांच्या कडा सुरीनं कोरल्यासारख्या, आणि एरवी राखाडी दिसणाऱ्या पृष्ठभागावर निळसर, तांबूस छटा. बातम्यांमध्ये दोन आकडे पुन्हा पुन्हा आले: पन्नास हजारांहून जास्त फोटो आणि 186 जीबी डेटा. लॅपटॉप जवळजवळ बंद पडायची वेळ आली, हेही त्यानं सांगितलं होतं. बहुतेक बातम्या इथंच थांबल्या. इतके फोटो काढले म्हणून इतका चांगला फोटो आला, एवढंच त्यांचं म्हणणं.

पेट किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्यांनी या वाक्यापाशी थांबून बघायला हवं. 'खूप डेटा घेतला म्हणून निष्कर्ष पक्का' हे वाक्य आपण उद्या सिनॉप्सिसमध्ये लिहिणार आहोत, आणि समोर बसलेली समिती तिथंच पकडणार आहे. तेव्हा या लेखात त्या फोटोची समीक्षा करू. फोटो सुंदर आहे, त्यावर वाद नाही. प्रश्न असा की अनेक फोटो एकत्र करून बनवलेलं चित्र नेमकं काय सांगतं, काय सांगत नाही, आणि ते वाचणाऱ्यानं काय विचारायला हवं.

आधी आकडा फोडून बघू

पन्नास हजार फोटो म्हणजे पूर्ण चंद्राचे पन्नास हजार फोटो नव्हेत. वापरलेला कॅमेरा झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआय 120 एमसी-एस, म्हणजे फक्त 1.2 मेगापिक्सेलचा. आपल्या खिशातल्या कुठल्याही मोबाईलपेक्षा कमी. पाच इंची दुर्बिणीतून त्याला एका वेळी चंद्राचा छोटा तुकडाच दिसतो. म्हणून चंद्राचे 38 तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याचा व्हिडिओ घेतला, प्रत्येक व्हिडिओतून एक स्वच्छ चित्र काढलं आणि ती 38 चित्रं गोधडीसारखी जोडली.

म्हणजे इथं दोन वेगळी कामं आहेत आणि बातम्यांनी ती एकत्र कालवली. एक म्हणजे थर लावणं: त्याच जागेच्या अनेक फ्रेम एकावर एक ठेवून सरासरी काढणं. दुसरं म्हणजे जोडणं: वेगवेगळ्या जागांची चित्रं शेजारी शेजारी ठेवणं. पहिल्यानं गोंगाट कमी होतो, दुसऱ्यानं क्षेत्र वाढतं. पन्नास हजारांना 38 नं भागलं तर एका तुकड्यामागे सरासरी तेराशेच्या आसपास फ्रेम येतात. चित्रातल्या कुठल्याही एका विवरामागे पुरावा आहे तो एवढाच, पन्नास हजारांचा नाही.

तुमच्या विषयातही हेच होतं. 'आठ जिल्ह्यांतल्या 800 शिक्षकांचा अभ्यास' म्हटलं की 800 हा आकडा डोळ्यात भरतो. पण निष्कर्ष जिल्हावार मांडला असेल तर एका जिल्ह्यामागे शंभरच शिक्षक आहेत. मोठा आकडा कुठल्या कामाला लागला आणि कुठल्या नाही, हे आधी विचारायचं.

सरासरी काय घालवते

फ्रेमा एकावर एक ठेवल्यानं चित्र सुधारतं ते असं. प्रत्येक फ्रेममध्ये दोन गोष्टी असतात: चंद्राचा खरा प्रकाश आणि सेन्सरचा गोंगाट. चंद्र प्रत्येक फ्रेममध्ये तोच असतो. गोंगाट मात्र दर वेळी वेगळा, कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी. सरासरी काढली की चंद्र टिकतो आणि गोंगाट एकमेकांना खोडतो. पण तो फ्रेमांच्या संख्येइतका कमी होत नाही, संख्येच्या वर्गमुळाइतका होतो. शंभर फ्रेम घेतल्या तर गोंगाट दहापट कमी, तेराशे घेतल्या तर छत्तीसपट. शंभरवरून चारशेवर गेलात तर मेहनत चौपट आणि फायदा दुप्पट. म्हणून 'अजून थोडा डेटा घेऊ' या सवयीला कुठेतरी मर्यादा असते.

आणि काय जात नाही? जी चूक प्रत्येक फ्रेममध्ये सारखीच आहे ती. सेन्सरवर धुळीचा कण बसला असेल तर तो तेराशेच्या तेराशे फ्रेममध्ये आहे. सरासरी त्याला पुसणार नाही, उलट जास्त ठळक करेल. लातूरच्या अडतीवर तूर घालणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे गणित न शिकवता येतं. काट्यात पासंग असेल तर तेच पोतं हजार वेळा मोजलं तरी पासंग तसाच राहतो. हजार मोजण्यांची सरासरी ही फार अचूकपणे काढलेली चूक असते.

म्हणून खगोलछायाचित्रकार लेन्सवर झाकण लावून नुसत्या अंधाराच्या फ्रेम घेतात, आणि सारख्या उजेडाच्या कोऱ्या पृष्ठभागाच्याही फ्रेम घेतात. त्यांत चंद्र नसतो, फक्त कॅमेऱ्याचे दोष असतात. ते दोष नंतर मूळ चित्रातून काढून टाकतात. प्रश्नावली वापरणाऱ्यांसाठी पायलट स्टडी हे थोडंफार असंच काम आहे. तिचा उपयोग नमुना वाढवण्यासाठी नसतो, साधनातला पासंग शोधण्यासाठी असतो.

निवड: कौशल्य की लबाडी?

आता थोडा नाजूक भाग. व्हिडिओतल्या सगळ्या फ्रेम वापरल्या जात नाहीत. आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते. मे महिन्यात दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून रात्री उष्ण हवा वर उठते आणि दुर्बिणीतला चंद्र पाण्याखाली ठेवल्यासारखा थरथरतो. मधेच एखाद्या क्षणी हवा शांत होते आणि एक फ्रेम लख्ख येते. ऑटोस्टॅकर्टसारखे फुकट मिळणारे प्रोग्राम प्रत्येक फ्रेमची तीक्ष्णता मोजतात, उतरत्या क्रमानं लावतात आणि वरच्या ठराविक टक्केच ठेवतात. समजा तेराशेतल्या चारशे ठेवल्या आणि नऊशे टाकल्या, तर गोंगाट छत्तीसऐवजी वीसपटच कमी होतो, पण चित्र जास्त रेखीव येतं.

आता विचारा: नऊशे निरीक्षणं फेकून देणं आणि 'मला हवा तो डेटा ठेवला' यात फरक काय?

फरक निकषात आहे. इथं निकष फ्रेमच्या दर्जाचा आहे, तिच्यातल्या मजकुराचा नाही. 'विवर मोठं दिसतंय त्या फ्रेम ठेवा' असं कुणी म्हणत नाही. 'कडा जिथं तीक्ष्ण आहेत त्या ठेवा' असं म्हणतात. निकष आधी ठरलेला असतो, सगळ्या फ्रेमांना सारखा लागतो आणि माणसाच्या आवडीवर अवलंबून नसतो. हीच कसोटी आपल्या कामाला लावा. अर्धवट भरलेल्या प्रश्नावल्या बाद करणार, हे गोळा करण्याआधी लिहून ठेवलं असेल तर ती निवड आहे. निष्कर्ष जुळत नाही म्हणून नंतर काही प्रश्नावल्यांत खोट काढली, तर ती लबाडी आहे. शेवटचा तक्ता दोन्ही वेळा सारखाच दिसतो. म्हणून किती घेतल्या, किती टाकल्या आणि का, हे लिहिणं सक्तीचं असतं.

जो चंद्र कुणीच पाहिला नाही

प्रथमेशनं सांगितल्याप्रमाणे चित्रण रात्री एकच्या सुमारास सुरू झालं आणि साधारण चार तास चाललं. या चार तासांत चंद्र तसाच राहिला का?

चंद्रावरचा एक दिवस-रात्र आपल्या साडेएकोणतीस दिवसांचा. उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमारेषा चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी सुमारे 15 किलोमीटर सरकते, म्हणजे चार तासांत 60 किलोमीटर. आणि पाच इंची दुर्बीण उत्तम हवेत चंद्रावरचा जेमतेम दोन किलोमीटरचा तपशील वेगळा दाखवू शकते. म्हणजे चित्राच्या तपशिलाच्या मानानं सीमारेषेचं सरकणं तिसेक पट मोठं आहे. सीमारेषेजवळचे वरचे आणि खालचे तुकडे वेगवेगळ्या वेळी घेतले असतील तर त्यांतल्या सावल्या वेगवेगळ्या वेळच्या असणार. जोडकाम करणारा प्रोग्राम कडा जुळवतो. वेळ जुळवत नाही.

म्हणून हे चित्र कुठल्याही एका क्षणाचं नाही. असा चंद्र त्या रात्री एका वेळी कुणालाच दिसला नसता, अगदी निर्वात आकाशातही. यानं चित्र खोटं ठरत नाही. भरलेल्या चंद्रभागात हा फरक जाणवणारही नाही. पण कुणी या चित्रावरून सीमारेषेजवळच्या डोंगरांच्या सावल्या मोजून उंची काढायला बसला तर तो फसेल. चित्र एका कामासाठी उत्तम आणि दुसऱ्यासाठी निरुपयोगी असू शकतं. समीक्षकानं 'खरं की खोटं' विचारण्याआधी 'कशासाठी' हे विचारायला हवं.

रंगांचंही तसंच. निळसर आणि तांबूस छटा कल्पनेतून आलेल्या नाहीत. चंद्रावरच्या सपाट काळ्या प्रदेशांतल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम जास्त असेल तर तो भाग किंचित निळसर, कमी असेल तर किंचित तांबूस दिसतो. डोळ्याला जाणवणार नाही इतका हा फरक बारीक असतो. संगणकावर तो अनेकपट गडद केला जातो. सगळीकडे सारख्याच प्रमाणात गडद केला, तर 'हा भाग त्या भागापेक्षा जास्त निळा' हे विधान खरं राहतं. 'चंद्र निळा आहे' हे विधान मात्र होत नाही.

माझी खरी हरकत दोन गोष्टींवर आहे. पहिली, तीक्ष्णता वाढवण्यावर. या कामाची साधनं जास्त ताणली की विवरांच्या कडेला पांढरी किनार उमटते, जी चंद्रावर नसते. वर्तमानपत्रात छापलेल्या लहान आकारात ती 'स्पष्टता' वाटते. दुसरी, दोन वेगळी चित्रं मिसळून आणलेल्या उठावावर. चंद्राला त्रिमितीचा भास यावा म्हणून दोन वेगवेगळ्या चित्रांचं मिश्रण केलं आहे, असं प्रथमेशनं स्वतःच मथळ्यात लिहिलं होतं. तो कलेतला निर्णय आहे, मोजमापातला नाही. आणि इथं त्याला पूर्ण गुण द्यावे लागतात: त्यानं ते लपवलं नाही. दुर्बीण, कॅमेरा, फ्रेमांची संख्या आणि मिश्रण, सगळं सांगितलं. गाळलं ते बातम्यांनी.

सरासरी, कमाल, मध्यक

आता चंद्रावरून सह्याद्रीत येऊ. दर वर्षी पावसाच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीचे काजव्यांचे फोटो मोबाईलवर फिरतात. झाडावर हजारो ठिपके, जंगल पेटल्यासारखं. त्यांतलेही बरेचसे अनेक फोटो एकत्र करून बनवलेले असतात. पण हिशोब वेगळा असतो.

चंद्राच्या फ्रेमांची सरासरी काढतात. काजव्यांच्या फ्रेमांची सरासरी काढली तर पन्नासातल्या एकाच फ्रेममध्ये चमकलेला काजवा पन्नासपट मंद होईल, म्हणजे दिसणारच नाही. म्हणून तिथं प्रत्येक बिंदूसाठी सगळ्या फ्रेमांमधला सर्वांत उजळ आकडा ठेवतात. सरासरीऐवजी कमाल. एकदा चमकला तो कायमचा चमकला. एकच काजवा दहा ठिकाणी चमकला तर दहा ठिपके. असं चित्र काजव्यांची संख्या सांगत नाही, चमकण्यांची बेरीज सांगते.

तिसरा प्रकार मध्यकाचा. अहमदपूरच्या बसस्थानकासमोरच्या रस्त्याचे भर दुपारी, स्टँडवर कॅमेरा ठेवून, पन्नास फोटो घ्या आणि प्रत्येक बिंदूचा मध्यक काढा. ऑटो, हातगाडे, माणसं, जो कुणी हलता आहे तो बहुतेक नाहीसा होईल आणि रस्ता ओस पडलेला दिसेल. एकही फोटो खोटा नाही आणि तरी चित्र धादांत खोटं.

तेच पन्नास फोटो. सरासरी घेतली तर धूसर गर्दी, कमाल घेतली तर उजळ वस्तूंची भुतावळ, मध्यक घेतला तर सुनसान रस्ता. संख्याशास्त्राच्या पेपरात आपण मध्य, मध्यक, बहुलक यांची सूत्रं पाठ करतो. कुठलं वापरायचं हा निवडीचा प्रश्न आहे, आणि त्या निवडीवर चित्रात कोण उरणार हे ठरतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

चांगलं उदाहरणही आहे. श्रीराम मुरली यांचा अनामलाई व्याघ्र प्रकल्पाजवळच्या जंगलातला काजव्यांचा फोटो नॅशनल जिओग्राफिकच्या स्पर्धेत गौरवला गेला. त्याच्या ओळीतच लिहिलेलं होतं: प्रत्येकी 19 सेकंदांचे 50 फोटो, एकूण सोळा मिनिटं. वाचणाऱ्याला लगेच कळतं की आपण एक क्षण पाहत नाही, सोळा मिनिटं पाहतोय. एका ओळीनं चित्र प्रामाणिक झालं. आपल्याकडे फिरणाऱ्या फोटोंखाली ती ओळ नसते. मग माणसं तसंच दृश्य शोधत गाड्या घेऊन जातात, अंधारात हेडलाईट आणि टॉर्च मारतात, आणि उजेडानं काजव्यांचं चमकणंच बिघडवतात.

वस्तू एकच आहे का?

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा. 1878 मध्ये फ्रान्सिस गाल्टननं 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. कैद्यांचे फोटो घेऊन एकाच काचेवर, प्रत्येकाला थोडा थोडा वेळ देत, त्यानं एकमेकांवर उमटवले. गुन्हेगाराचा 'नमुनेदार चेहरा' मिळेल अशी अपेक्षा होती. निघाला एक बऱ्यापैकी देखणा, साधा चेहरा. ज्यांत त्याला गुन्हेगारीच्या खुणा दिसत होत्या ते बारकावे एकमेकांत विरून गेले. ज्या माणसाचा तो चेहरा होता तो माणूस जगात नव्हताच.

तंत्र तेच होतं. चंद्राला चाललं, चेहऱ्यांना नाही. कारण तेराशे फ्रेमांत चंद्र एकच असतो आणि फरक हवेचा असतो. कैद्यांच्या फोटोंत फरक हीच माणसं होती. सरासरीला गोंगाट आणि माणूस यांतला फरक कळत नाही. तो संशोधकानं आधी ठरवायचा असतो.

हे आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर पीकविमा बघा. नुकसान किती झालं हे महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पन्नावरून ठरवलं जातं. अहमदपूर तालुक्यात किनगाव, खंडाळी, हाडोळती, अंधोरी अशी मंडळं आहेत. एका मंडळात काळी भारी जमीनही आहे आणि बालाघाटच्या उतारावरची मुरमाड हलकी जमीनही. पावसानं तीन आठवडे ओढ दिली की हलक्या रानातलं सोयाबीन आधी माना टाकतं, भारी जमिनीतलं तग धरतं. दोघांची सरासरी 'मध्यम उत्पन्न' दाखवते, आणि ज्याचं गेलं त्याचं जाणं तिच्यात विरून जातं. इथं जमिनींमधला फरक हा गोंगाट नाही, तोच तर शेतकरी आहे. सरासरी काढणं चूक नाही. एकच वस्तू असल्याचं गृहीत धरून काढणं चूक आहे.

भर घालणं कुठून?

शेवटचा मुद्दा नव्या मोबाईलचा. मार्च 2023 मध्ये एका वापरकर्त्यानं चंद्राचा फोटो मुद्दाम लहान आणि धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधाऱ्या खोलीत दुरून सॅमसंगच्या फोननं टिपला. फोननं विवरांसकट तपशीलवार चंद्र दिला. समोरच्या चित्रात तो तपशील नव्हताच. कंपनीनंही मान्य केलं की चंद्र ओळखला की प्रशिक्षित प्रणाली तपशील वाढवते.

प्रथमेशचा चंद्र आणि हा चंद्र मोबाईलच्या पडद्यावर सारखेच दिसतील. पण पहिल्यातला तपशील त्या रात्रीच्या आकाशातून आला, दुसऱ्यातला आधी पाहिलेल्या चंद्रांच्या आठवणीतून. उद्या चंद्रावर नवं विवर पडलं तर पहिला कॅमेरा, ते पुरेसं मोठं असेल तर, दाखवेल. दुसरा कदाचित ते झाकून जुना चंद्र देईल. अपेक्षा आधीच आत बसवलेल्या साधनाला नवं काही दिसत नाही. 2019 मध्ये एम 87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा जाहीर करण्याआधी शास्त्रज्ञांनी चार गट केले आणि एकमेकांशी न बोलता त्याच डेटावरून प्रतिमा काढायला लावल्या, ते याच भीतीपोटी. चौघांनाही कडं दिसलं तेव्हा पुढं गेले.

तेव्हा अनेक निरीक्षणांतून बनलेलं काहीही वाचायला घ्याल, फोटो असो, तक्ता असो की प्रबंध, तर एवढं विचारा. किती घेतलं आणि एका निष्कर्षामागे त्यातलं किती आहे? किती टाकलं, आणि टाकायचा निकष कधी ठरला? साधनात पासंग आहे का, तो कसा तपासला? सरासरी, कमाल की मध्यक, आणि त्यामुळे कोण नाहीसं झालं? सगळ्या निरीक्षणांत वस्तू एकच होती का? तपशील निरीक्षणातून आला की आधीच्या समजातून?

प्रथमेशच्या फोटोला हे सहा प्रश्न लावले तर बहुतेकांची उत्तरं त्यानं स्वतःच देऊन ठेवलेली आहेत. म्हणून मोजमाप म्हणून तो फोटो मर्यादित असला तरी काम म्हणून चांगला आहे. आपल्या प्रबंधातलं पद्धतीचं प्रकरण म्हणजे त्या फोटोखालचा मथळा. बहुतेक विद्यार्थी ते शेवटी, घाईत, सीनियरच्या प्रबंधातून उचलून लिहितात. ते आधी लिहा, आणि स्वतःचं लिहा.